चौथ्या वाटीतली पेटी

भोक मापायच्या गेजची गो बाजू भोकात गेली पाहिजे, नो-गो बाजू अडली पाहिजे. बेळगावच्या उद्यमबागेत मी जिथं इन्स्पेक्शनला आहे तिथं माल पास करायची रीत एवढी सोपी. तीस वर्षं हेच केल्यामुळे असेल, पण एखाद्या गोष्टीला माप नाही म्हटलं की मला चैन पडत नाही. आणि गेल्या गणपतीला लेक बेंगळुरूहून आली ती नेमकी तसलीच गोष्ट बॅगेत घेऊन: कॉफीची पाकिटं.

आमचं घर चहाचं, शहापुरातल्या बहुतेक मराठी घरांसारखं. कॉफी एकादशीला, नाहीतर कुणाला कणकण असली तर; दुधात उकळलेली, वर जायफळ उगाळलेलं. खरी कॉफी प्यायची ती उडप्याच्या हॉटेलात, आणि तीही बाय-टू, म्हणजे एकीची दोघांत. 'वंदु काफी, बाय-टू' एवढं कानडी बेळगावातल्या कट्टर सीमावासीयालाही येतं.

लेकीनं टेबलावर मांडलेली पाकिटं वेगळी होती. चिकमगळूरच्या अरेबिकाच्या एक किलो हिरव्या बिया आणि त्याच बियांची थोडी हलकी भाजलेली पूड, कोडगूचा रोबस्टा, मान्सून्ड मलबार आणि इथिओपियातल्या यिर्गाचेफे भागातली छोटीशी पुडी. प्रत्येकावर चव छापलेली. एकावर संत्रं आणि मध, एकावर बदाम, एकावर चक्क ब्लूबेरी.

"बाबा, प्या आणि सांगा लागतंय का संत्रं."

प्यालो. कॉफी लागली. संत्रं लागेना, बदामही लागेना. ब्लूबेरी तर मी जन्मात खाल्लेली नाही, ती लागायची कशी? करवंद लिहिलं असतं, खानापूरच्या रानातलं जांभूळ लिहिलं असतं, तर निदान शोधलं तरी असतं. थोडा अपमान झाल्यासारखंही वाटलं. शाफ्टवरचा खरखरीतपणा नखानं ओळखणारा माणूस मी, माझी जीभ अशी नापास?

पण तिसऱ्या घोटाला एक झालं. चिकमगळूरच्या, अगदी कमी भाजलेल्या कॉफीनं तोंडात वर कुठंतरी, टाळूच्या पुढच्या भागात, एक बारीक चमक मारली आणि मला संत्र्याऐवजी सोहनी राग आठवला. म्हणजे बंदिश वगैरे नाही, ती वरच्या षड्जाला जाऊन बिलगण्याची सवय. लेकीला म्हटलं, "संत्र्याचं माहीत नाही, पण ही सोहनी आहे." ती हसली. म्हणाली, "मग बाकीच्यांचेही राग सांगा, मी लिहून घेते."

तिची सुटी चार दिवसांत संपली. माझी वही आठ महिने चालली.

*

आधी भाजणं. हिरव्या बिया भाजायला मी घरातली लोखंडी कढई आणि शेंगदाणे परतायचं उलथनं घेतलं. कच्च्या बियांना वास येतो तो ओल्या गवताचा. सहासात मिनिटांनी त्या पिवळ्या पडतात आणि घरात भाजणीसारखा वास सुटतो, इथवर सगळं आपल्या ओळखीचं. मग पहिली तडतड. लाह्या फुटाव्यात तसा आवाज, मोकळा. तिथून पुढं खरी घाई. आणखी दोन-तीन मिनिटं ठेवलं की दुसरी तडतड सुरू होते, ती बारीक, तेलात मोहरी पडल्यासारखी. ती ऐकू आली की काळ्या भाजणीच्या वाटेला लागलात असं समजायचं. म्हणजे भाजणाऱ्याला सुद्धा कानावरच काम करावं लागतं, हे मला फार बरं वाटलं.

पहिला घाणा जाळला. नीट सांगायचं तर मी फोनवर बोलत होतो. धूर असा झाला की पलीकडच्या वहिनी गच्चीवरून ओरडल्या, "काय जळूलालंय ओ?" शिवाय बियांवरचं पातळ फोलपट उडून थेट गणपतीच्या मखरावर. हिनं कढई, उलथनं आणि मला, तिघांनाही गच्चीवर हलवलं आणि ती व्यवस्था आजतागायत कायम आहे.

मग शिस्तीत केलं. अडीचशे ग्रॅमचे तीन घाणे. पहिली तडतड संपताच उतरवलेला भरला २२० ग्रॅम. त्यापुढं दीड मिनिट ठेवलेला २१२. दुसरी तडतड लागल्यावर उतरवलेला २०३. पाणी उडतं, वजन घटतं, आणि भाजणी वाढेल तशी आंबटाई मरत जाते, कडवटपणा वर येतो. बी तीच, झाड तेच, डोंगर तोच. बाबाबुदनगिरीचा. येमेनहून सात बिया लपवून आणणाऱ्या बाबा बुदनची गोष्ट ज्या डोंगराबद्दल सांगतात तो.

दोन दिवस मुरू दिल्यावर चाखायची, कारण ताज्या भाजलेल्या बीत वायू असतो आणि तो चवीच्या आड येतो. चाखायची रीत मी जगाच्या पाठीवर चालते तीच धरली. दीडशे मिलीला सव्वाआठ ग्रॅम, या हिशेबानं माझ्या काचेच्या वाटीत दोनशे मिलीला अकरा ग्रॅम. जाडसर दळलेली पूड, वरून उकळी मोडलेलं पाणी, चार मिनिटं हात लावायचा नाही. वर जी साय धरते ती चमच्यानं फोडायची, फोडताना नाक वाटीत घालायचं, मग गाळ आणि फेस काढून, जरा निवल्यावर, चमच्यानं भुर्रकन ओढायची.

*

वडगावचे मामा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. आयुष्यभर माग चालवला आणि उरलेल्या वेळात पेटी. भजनाला, नाटकाला, शाळेच्या गॅदरिंगला, कुणी गवई आला आणि साथीदार नाही आला तर त्यालाही. बेळगाव तसं पेटीवाल्यांचं गाव, पं. रामभाऊ विजापुरे इथलेच. मामा त्यांचं नाव घेताना अजून कानाला हात लावतात. मला राग ओळखता येतात ते मामांमुळे. वाजवायला मात्र आलं नाही, तो त्यांच्या मनातला जुना सल आहे.

रविवारी तीन वाट्या त्यांच्यापुढं मांडल्या.

"मामा, हे पिऊन सांगा कुठला राग."

"प्यायची काय ऐकायची? एक काय ते ठरव की."

मी भुरका मारून दाखवला. मामी स्वयंपाकघरातून बघत होत्या. मामा म्हणाले, "आमच्या आईसमोर असा आवाज काढला असतास तर पाठीत धपाटा बसला असता." पण ओढली. पहिली वाटी, दुसरी, तिसरी. परत पहिली. मग माझी वही मागितली.

वहीत मी इन्स्पेक्शन रिपोर्टसारखा तक्ता केला होता. डावीकडं आंबट, गोड, कडू, जाड, पातळ, मागं रेंगाळणारी; वर राग. खूप काम केलं होतं त्यावर. आंबट म्हणजे कोमल रिषभ, गोड म्हणजे शुद्ध गंधार, असं काहीबाही. मामांनी चष्मा वर करून ते वाचलं.

"राग म्हणजे स्वरांची यादी असते काय रे?"

मी गप्प.

"भूप आणि देशकार सांग बघू. पाचच स्वर, दोघांचेही तेच. मग एक संध्याकाळचा आणि एक सकाळचा का? तुझ्या तक्त्यात दोघं एकाच घरात बसतील, आणि बाहेर गेले की भांडतील."

पाकिटावरचं संत्रं-मध-बदाम मला का लागलं नव्हतं, ते इथं कळलं. ती यादी होती. सा रे ग प ध लिहून भूप समजावण्यातला प्रकार. कॉफीत काय काय आहे ते सांगितलं होतं. आधी काय येतं, कशावर थांबतं, काय नुसतं शिवून जातं, शेवटी कुठं टेकतं, हे सांगितलंच नव्हतं. चलन सांगितलं नव्हतं.

तक्ता फाडला नाही, पण त्यावर उभी रेघ मारली आणि मागच्या पानावर नव्यानं सुरुवात केली. या खेपेला फक्त तीन रकाने: घोट घेताच, मधे, गिळल्यावर.

तिन्ही वाट्या परत ओढल्या. हलक्या भाजणीची चव घोट घेताच वर जाते, तिथंच नाचते, आणि गिळल्यावर खाली येऊन बसतच नाही, एकदम विरते. मधल्या भाजणीत आंबट आणि कडू दोन्ही आहेत, एकमेकांना टोचतात. घोट संपला तरी टेकायला जागा मिळत नाही. काळीत सगळा कारभार जिभेच्या मुळाशी, संथ, जड, आणि मागं बराच वेळ तसाच बसून राहणारा.

मामांनी पेटी उघडली. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीच. वर वाजवलं, सोहनी. रिषभ-धैवतावर जोर देत, षड्ज चुकवत वाजवलं, मारवा. मग खाली मंद्रात उतरले, निषाद-गंधाराला धरून, पूरिया. तिघांचे स्वर तेच.

"बी तीच म्हणतोस ना? हे घे. स्वर तेच, वजन वेगळं."

मी ते वहीत लिहिलं आणि खाली तारीख घातली. आठ महिन्यांत एवढी चोख बसलेली दुसरी जोडी नाही. खरं म्हणजे तिथंच थांबायला हवं होतं.

*

थांबलो नाही, कारण आता अडचणी सुरू झाल्या होत्या आणि अडचणींत मला गोडी वाटते.

पहिली अडचण वेळेची. मामा वेळ पाळणारे. मारवा दिवस मावळतानाच ऐकायचा, पूरिया दिवेलागणीनंतर, सोहनी रात्र सरत आल्यावर. मी म्हटलं, पहाटे चारला कॉफी पिऊन आठला कामावर कसा जाऊ? ते म्हणाले तो तुझा प्रश्न. शेवटी परीक्षेपुरती सूट दिली, पण सोहनीची वाटी ते दर वेळी सगळ्यात शेवटी घ्यायचे आणि घेताना खिडकीचा पडदा ओढायचे.

दुसरी अडचण गल्लीची. वडगावात यंत्रमागांचा खटखटाट. शांत आलाप लावावा तर शेजारच्या दोन मागांची दोन वेगळी लय भिंतीतून येते. लाइट गेली की माग बंद आणि आमचा स्पीकरही बंद. त्यामुळे सगळ्यात चांगली ऐकणी झाली ती लाइट गेल्यावर, मामांच्या पेटीवर, मेणबत्तीच्या उजेडात. वाटीतल्या कॉफीचा रंग दिसत नसताना. रंग दिसला की माणूस आधीच ठरवतो की ही जड असणार.

तिसरी अडचण अशी की हे सगळं आमच्या दोघांच्याच डोक्यातलं तर नाही? याबद्दल वाचलं तेव्हा धीर आला. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी क्रिसिनेल या सहकाऱ्याबरोबर २०१०च्या सुमारास अशाच जोड्या तपासल्या होत्या. लोक गोड आणि आंबट चवींना उंच स्वर देतात, कडू चवीला खालचे. गोडाला पियानो, कडूला पितळी तोंडवाद्यं. मग मीही दसऱ्याला जमलेल्या घरच्या सहा जणांना पकडलं. डोळे मिटायचे, घोट घ्यायचा, मामा तीन पट्ट्या वाजवणार, तार सप्तकातली म्हणजे वरची, मधली, आणि खालची मंद्रातली. कुठली हे बोटानं दाखवायचं, बोलायचं नाही.

हलक्या भाजणीला सहापैकी पाच बोटं वर. रोबस्ट्याला पाच बोटं खाली. सहावं बोट दोन्ही वेळा आईचं. रोबस्ट्याला तिनं तार सप्तक दाखवलं. मी विचारलं, का? म्हणाली, "कडू म्हणजे कर्कश. कर्कश काय खाली असतंय?" मला यावर अजून उत्तर सापडलेलं नाही. आई एकटी चुकली असं म्हणायला मी इन्स्पेक्टर असलो तरी धजत नाही. तिनं जे कर्कश म्हटलं ते रोबस्ट्यात खरंच आहे.

रोबस्ट्याला मग मी राग शोधणं सोडलं. कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, चव रांगडी, जळक्या शेंगदाण्याकडं झुकणारी, आणि मधे कुठं उसंत नाही. सौंदत्तीच्या वाटेवर यल्लम्माच्या जोगत्यांच्या हातात चौंडकं असतं, एक तार आणि ताणून सैल करत बदलणारा स्वर. लहानपणी ते दारात वाजलं की मी आत पळायचो. रोबस्ट्याचा घोट तसाच दारात येऊन उभा राहतो. ही जोडी मामांना पटली नाही. "तुला भीती वाटायची ते आठवतंय, चव नाही," म्हणाले. असेल. पण मी खोडली नाही.

*

मान्सून्ड मलबारवर मी तोंडघशी पडलो.

नावातच पाऊस. पूर्वी शिडाच्या जहाजांतून कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. महिनोन्‌महिने समुद्राची दमट हवा खाऊन बिया फुगायच्या, पिवळट पडायच्या, आणि तिकडच्या लोकांना त्याच चवीची सवय झाली. १८६९ला सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आखडला, चव गेली. मग तीच चव इथंच पश्चिम किनाऱ्यावर मुद्दाम करायची पद्धत पडली. जून ते सप्टेंबर गोदामाच्या उघड्या बाजूंनी पावसाळी वारा आत घ्यायचा, बिया पसरायच्या, वरखाली करायच्या. पुढं तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

एवढं वाचल्यावर दुसरं काय सुचणार? मियाँमल्हार. दोन निषाद, ते जड आंदोलन, ढगासारखं फुगत येणं. बाहेर बेळगावचा पाऊस, म्हणजे थांबायचं नाव नाही असा, खिडकीच्या चौकटीला बुरशी. स्पीकरवर मल्हार लावला, मामांना वाटी दिली आणि शाबासकीची वाट बघत बसलो.

मामांनी दोन घोट घेतले. "ह्यात पाऊस कुठाय?"

"मामा, पावसात ठेवून केलेली आहे."

"केली असंल. पाऊस म्हणजे काहीतरी येणार असतंय. ह्यात काही येणार नाही. सगळं येऊन गेलंय. हे पावसानंतर कपाट उघडल्यावर येतंय ते."

परत चाखली, या वेळी नाव विसरायचा प्रयत्न करून. आंबटाई जवळजवळ शून्य. जाड, मातकट, जुन्या लाकडाची. घोट घेताच, मधे, गिळल्यावर, तिन्ही रकान्यांत मला एकच गोष्ट लिहावी लागली. चलनच नव्हतं, होता तो पोत. मी नावाला राग लावला होता, चवीला नाही.

मग रागाऐवजी आवाज शोधला. गंगूबाई हनगल. तो खोल, पुरुषी म्हणावा असा, जमिनीतून आल्यासारखा खर्ज. कुठलाही राग लावा, आधी आवाज भेटतो. बाई हुबळीच्या, इथून गाडीनं काही तासांवर. त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं आणि वाटी हातात घेतली, तेव्हा मामा काही बोलले नाहीत. काही न बोलणं म्हणजे पास.

यिर्गाचेफेची पुडी इतकी लहान की फक्त तीन वेळा पुरली. साय फोडली तेव्हा जुईसारखा वास आला आणि लगेच गेला. चव चहाच्या जवळची, लिंबाची साल, मधे मोकळी जागा, परत काहीतरी चमकून नाहीसं. हॉटेलातल्या कॉफीची सवय असलेल्याला ही कॉफीच वाटणार नाही, ही म्हणाली, "पाणी जास्त झालंय." मला मात्र त्या मोकळ्या जागाच आवडल्या. कुमार गंधर्वांच्या गाण्यात असतात तशा, छोटी झेप, थांबणं, परत झेप. क्षयातून उठलेल्या छातीनं गाणं नव्यानं रचलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. जन्मगाव सुळेभावी, आमच्या घरापासून स्कूटरवर पाऊण तासाच्या आत. इथिओपियाच्या डोंगरातली पुडी सुळेभावीपर्यंत आली याचं मला फार अप्रूप वाटलं. मामा म्हणाले कुमार नाही, मन्सूरअण्णा, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर. मी म्हटलं मन्सूर असतील तर मधे श्वास कुठं आहे? त्यांची तान सुटली की थांबते कुठं? यावर अर्धा तास गेला आणि उरलेली कॉफी थंड झाली. थंड झाल्यावर तिची आंबट-गोड चव आणखी उघडली, हे भांडणाच्या नादात दोघांनीही उशिरा बघितलं.

*

आता चौथी वाटी.

मधल्या भाजणीची माझी कॉफी जानेवारीत संपत आली तेव्हा मी गावातल्या एका दुकानातून तयार पूड आणली. दुकानाचं नाव नको. 'शंभर टक्के शुद्ध' असं दुकानदारानं तोंडानं सांगितलं, कागदी पिशवीवर काहीच नव्हतं. म्हटलं, कारखान्यात मास्टर पीस ठेवतो तसं एक साधं, रोजचं माप पंगतीत असावं. तिला नंबर चार. नंबर फक्त मला माहीत. वाट्यांच्या बुडाला चिकटपट्टी.

पहिल्या रविवारी मामा नंबर चारशी अडखळले. राग विचारला तर मान हलवली. दुसऱ्या रविवारी क्रम बदलून दिली. चमचा खाली ठेवून म्हणाले, "ह्यात गवई ऐकूच येईना. मागून कुणीतरी सगळं भरून काढूलालंय."

"म्हणजे?"

"साथ जास्त होऊलालीय. पेटीवाला नवा असला की करतोय तसं. गवयानं जागा सोडली की हा भरला. श्वास घेतला की भरला. ऐकायला गोल वाटतंय, पण गाणं झाकलं की नाही?"

मी वहीत 'नंबर ४ : पेटी?' असं लिहिलं आणि सोडून दिलं. तिसऱ्या रविवारी परत तेच. बुडाची चिकटपट्टी न बघता, डोळे मिटून, पाच वाट्यांतून त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली. "ही पेटीची."

तेव्हा मात्र माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. घरी आलो, काचेच्या पेल्यात थंड पाणी घेतलं आणि त्या पुडीची चिमूट अलगद वरून सोडली. माझ्या कढईतली पूड अशी सोडली तर तरंगत राहते, पाणी बराच वेळ स्वच्छ. हिच्यातले काही कण तरंगले. बाकीचे सरळ बुडाले आणि बुडताना मागं तपकिरी धागे सोडत गेले, पावसाचं पाणी खिडकीच्या काचेवरून ओघळतं तसे. अर्ध्या मिनिटात पेला चहासारखा.

चिकोरी. भाजून दळलेलं मूळ. गुजरातेत पिकतं. यात कॅफिन नाही, पण रंग देतं, दाटपणा देतं, करपलेल्या साखरेची गोडसर कडू चव देतं. कायद्यानं मिश्रणात निम्म्याहून जास्त, किमान एक्कावन्न टक्के कॉफी असावी लागते आणि चिकोरी किती ते पाकिटावर सांगावं लागतं. मिसळण्यात काही गैर नाही. हॉटेलातली बाय-टू सगळी त्याच्यावरच उभी आहे. शुद्ध म्हणून गळ्यात मारणं गैर. दुकानदाराला जाऊन बोललो. तो म्हणाला, सगळे हेच नेतात. खरं असावं.

मामांना सांगितल्यावर मला वाटलं होतं विजयानं हसतील. ते गंभीर झाले.

"म्हणजे चिकोरी ही पेटी."

पुढचा तास आम्ही कॉफी प्यालोच नाही, हाच विषय. युरोपात नेपोलियननं १८०६ला ब्रिटिश मालाची नाकेबंदी केली, कॉफी मिळेनाशी झाली आणि फ्रेंचांनी चिकोरीवर भागवलं, हे मी सांगितलं. मामा म्हणाले, पेटीही फ्रान्सचीच की. पायपेटी होती, इथं येऊन मांडीपाशी बसली. दोघींनाही सोवळ्यातल्या लोकांनी नावं ठेवली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार बंद केलं. तिचे स्वर ठोकळेबाज, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, दरबारीचा गंधार तिला हलवता येत नाही, ही तक्रार. ती बंदी १९७१ला सैल झाली. तक्रार खोटी नव्हती. मामांनीच दरबारीचा तो गंधार पेटीवर दाबून दाखवला. नुसता उभा राहिला. मग गाऊन दाखवला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीच्या थरथरत्या आवाजात, आणि तो हलला.

"चिकोरीत संत्रं लागणार नाही," ते म्हणाले.

"मला तसंही लागत नव्हतं, मामा."

यावर मात्र हसले. मग बराच वेळ भाता हलवत नुसता षड्ज धरून बसले. बाहेर मागांचा आवाज. मी वाट्या विसळायला उचलल्या, सोहनी, मारवा, पूरिया, सगळ्या एकात एक घातल्या. मामी विचारून गेल्या, चहा टाकू का. मामा काही बोलले नाहीत. मी दारात चपला घालत होतो तेव्हा त्यांनी आतून हाक मारली.

"अरे, ते चार नंबरचं पाकीट फेकलंस काय?"

"नाही अजून. का?"

"येत्या रविवारी घेऊन ये. दूध घालून पिऊ."